महाराष्ट्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षेची तयारी करणारे, बदलीवर आलेले, जमीन घेऊ पाहणारे आणि नुसतेच सहलीला निघालेले असे सगळेच इथले प्रश्न विचारतात. उत्तरे वाचताना एक लक्षात ठेवा. महाराष्ट्राची सरासरी काढली की महाराष्ट्र हातातून निसटतो. पाऊस असो, माती असो की जमिनीच्या नोंदी, 'राज्यात सर्वसाधारणपणे' असे सुरू होणारे वाक्य निम्म्या जिल्ह्यांत खोटे ठरते.

जिल्हे किती आणि विभाग किती?

जिल्हे ३६, महसुली विभाग सहा. कोकण विभागात सात जिल्हे, पुणे आणि नाशिक विभागांत प्रत्येकी पाच, छत्रपती संभाजीनगरमध्ये आठ, अमरावतीत पाच आणि नागपुरात सहा. १ मे १९६० रोजी राज्य झाले तेव्हा २६ जिल्हे होते. शेवटचा पालघर, १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. जिल्हा परिषदा मात्र ३४ आहेत, कारण मुंबई शहर आणि मुंबई उपनगर या जिल्ह्यांत ग्रामीण भागच नाही. परीक्षेत हा फरक हमखास विचारतात.

जुनी पुस्तके वापरत असाल तर नावे तपासून घ्या. औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि अहिल्यानगर झाले आहेत. जुन्या दस्तांवर जुनीच नावे राहतात, त्यामुळे दस्त शोधताना दोन्ही नावांनी शोधा.

विदर्भ, मराठवाडा, खानदेश हे विभागच ना?

कागदावर नाहीत. ही इतिहासाने पाडलेली नावे आहेत. मराठवाडा म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला मराठी मुलूख. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी मुक्त झाला आणि १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला. विदर्भ मध्य प्रांत व वऱ्हाडातून आला. त्यातही नागपूरकडचा भाग आणि अमरावती-अकोल्याकडचा वऱ्हाड यांचा इतिहास वेगळा आहे. खानदेश म्हणजे जळगाव, धुळे, नंदुरबार. तो आज नाशिक विभागात मोडतो.

हा नुसता इतिहास नाही. मराठवाड्यातल्या जुन्या नोंदी काढायला गेलात तर उर्दू-फारसी वाचणारा माणूस लागतो, पुण्या-साताऱ्याकडे मोडी वाचणारा. कूळकायदेही तीन भागांत तीन वेगवेगळे होते. साताऱ्याच्या वकिलाने सांगितलेले कलम परभणीत लागू पडेल असे धरून चालू नका.

राज्य केवढे आहे?

३,०७,७१३ चौरस किलोमीटर. राजस्थान आणि मध्य प्रदेशानंतर तिसरा क्रमांक. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ११ कोटी २३ लाख ७४ हजार होती. तीत उत्तर प्रदेशानंतर दुसरा.

आकार डोळ्यांसमोर आणायचा तर घड्याळ बघा. राज्य पूर्व-पश्चिम आठ रेखांशांहून जास्त पसरले आहे आणि एका रेखांशाला चार मिनिटे लागतात. गडचिरोलीच्या पूर्व टोकाला सूर्य उगवतो त्यानंतर पालघरच्या किनाऱ्यावर तो दिसायला अर्धा तास जातो. शाळेची घंटा मात्र दोन्हीकडे एकाच वेळी वाजते.

समुद्रकिनारा ७२० किलोमीटर की ८७८?

दोन्ही आकडे छापले जातात. शालेय पुस्तकात ७२० आहे, केंद्राच्या नव्या मोजणीत ८७७.९७. जमीन वाढलेली नाही, मोजपट्टी बारीक झाली. खाड्या, खाजणे, छोटी वळणे धरून मोजले की लांबी वाढते, मोठ्या टप्प्यांनी मोजले की कमी होते. उत्तरपत्रिकेत तुमच्या अभ्यासक्रमातला आकडा लिहा, लेखात लिहिताना कोणती मोजणी ते सांगा.

महाबळेश्वरला कोसळतो आणि वाईला पाऊस नाही, असे कसे?

अरबी समुद्रावरून आलेले बाष्पाचे वारे सह्याद्रीच्या भिंतीला आपटून वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिकामे होतात. घाटमाथा ओलांडून ते खाली उतरतात तेव्हा तापतात. तापलेली हवा ढग धरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पडतो, वीस किलोमीटरवरच्या पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका आणि घाट उतरून वाईला आलात की सातशे-आठशेवर. आणखी पूर्वेला माण, खटाव, सांगोला, आटपाडी हा पाचशेच्या आसपासचा पट्टा. यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात.

पुढे विदर्भात पाऊस पुन्हा वाढतो, कारण तिथे बंगालच्या उपसागरावरून येणारे कमी दाबाचे पट्टेही पोचतात. गडचिरोली-गोंदियाकडे भात पिकतो तो त्यामुळे. सोलापूर भागाची भिस्त सप्टेंबर आणि परतीच्या पावसावर असते. तिथले ज्वारीचे रान जुलैत मोकळे दिसले तर तो आळस समजू नका. ते रब्बीसाठी राखलेले असते.

मग तीन हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या कोकणात एप्रिलमध्ये टँकर का?

कारण पाणी थांबत नाही. सह्याद्री ते समुद्र अंतर बहुतेक ठिकाणी तीस ते साठ किलोमीटर, उतार तीव्र, नद्या आखूड. पडलेले पाणी काही तासांत खाडीत जाते. वर जांभा दगड आहे, तो सच्छिद्र. पाणी झटकन पितो आणि झटकन सोडतोही. डोंगरउतारावरचे झरे दिवाळीनंतर महिन्यामहिन्याला बारीक होत जातात. वाडी सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आणि विहीर खाली वहाळाजवळ, म्हणजे ओढ्याजवळ, अशी रचना असल्याने पाणी असले तरी ते वर चढवण्याची विवंचना राहते. इथे मोठ्या धरणापेक्षा झऱ्याचे वरचे पाणलोट राखणे आणि जानेवारीआधी वहाळात कच्चे बंधारे घालणे जास्त उपयोगी पडते. बंधारा मार्चमध्ये घातला तर अडवायला पाणीच नसते.

शेजाऱ्याच्या बोअरला दोनशे फुटांवर पाणी, आमची पाचशे फूट कोरडी. का?

राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग बेसाल्टने, म्हणजे काळ्या पाषाणाने व्यापला आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले. सह्याद्रीच्या कड्यांवर दिसणाऱ्या पायऱ्या म्हणजे तेच थर. या दगडात वाळूसारखे सलग पाणी साठत नाही. पाणी असते ते तीन ठिकाणी: वरच्या मुरमात, दोन थरांमधल्या सच्छिद्र पट्ट्यात आणि भेगांत. भेग शेजाऱ्याच्या बांधाखालून गेली आणि तुमच्या घराखालून नाही, तर वीस फुटांच्या अंतरानेही नशीब बदलते.

म्हणून खोलीच्या मागे लागू नका. साठ मीटर, म्हणजे साधारण दोनशे फुटांच्या खाली घट्ट पाषाणात नवे पाणी लागण्याची शक्यता उतरत जाते आणि फुटामागचा खर्च चढत जातो. खोल बोअरला लागलेले पाणी पुष्कळदा वर्षानुवर्षे मुरून साठलेले असते. दोन उन्हाळ्यांत ते उपसून होते, पावसाने भरत नाही. नारळ फिरवून जागा दाखवणाऱ्यापेक्षा गावातल्या पाच-सहा विहिरींची मे महिन्यातली पातळी विचारा. उघड्या विहिरीच्या कडेला मुरमाचा थर किती जाड आहे ते दिसते, त्यावरून बरेच कळते.

जाता जाता: याच दगडापासून झालेली काळी कसदार माती कापसाला उत्तम आणि घराच्या पायाला वाईट. ती ओली झाली की फुगते, वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरूम लागेपर्यंत नेला नाही तर दोन-तीन उन्हाळ्यांत भिंतीला तिरके तडे जातात.

टीएमसी आणि क्युसेक यांत फरक काय?

टीएमसी हे साठ्याचे माप, क्युसेक वाहण्याचे. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, म्हणजे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेकने पाणी चोवीस तास सोडले की एक टीएमसी होते. हा एक आकडा पाठ असला की पावसाळ्यातली बातमी वाचता येते.

पुण्याचे खडकवासला धरण स्वतः दोन टीएमसीपेक्षाही लहान आहे. वरून पानशेत, वरसगाव, टेमघरचे पाणी आणि मधल्या पाणलोटाचा पाऊस एकदम आला की ते धरायला जागाच नसते, म्हणून मुठेत विसर्ग काही तासांत वाढवावा लागतो. कोयना १०५ टीएमसीचे, तिथे थोडी सवड मिळते. मुंबईचा साठा लिटरमध्ये सांगतात: सात तलाव मिळून १४.४७ लाख दशलक्ष लिटर. भागाकार केला की तो साधारण ५१ टीएमसी भरतो. दहा लाख लोकांना माणशी रोज १३५ लिटर दिले तर वर्षाला पावणेदोन टीएमसी लागते, गळती सोडून.

उजनी 'उणे ३० टक्के' म्हणजे धरण कोरडे पडले का?

नाही, आणि हा गैरसमज दर उन्हाळ्यात नव्याने होतो. धरणातले पाणी दोन भागांत मोजतात. कालव्याच्या दारापेक्षा वर असते ते उपयुक्त, खाली राहते ते मृत. उजनीत उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी आणि मृतसाठा त्याहून मोठा, ६३.६६ टीएमसीच्या घरात. टक्केवारी फक्त उपयुक्त साठ्यावर काढतात. शून्य टक्के म्हणजे उपयुक्त साठा संपला, पण ६३ टीएमसीहून अधिक पाणी आहेच. तेही पिण्यासाठी आणि जलाशयाकाठच्या उपशासाठी वापरले की आकडा उणे होतो.

उणे ३० म्हणजे ५३.५७ चे तीस टक्के, सुमारे १६ टीएमसी मृतसाठ्यातून गेले. शिल्लक अजून साडेसत्तेचाळीस. पण हे पाणी आपोआप कालव्यात येत नाही, त्यात गाळाचाही हिस्सा आहे आणि उथळ पसरलेल्या जलाशयावरून मे महिन्यात बाष्पीभवन जोरात होते. उलट पावसाळ्यात 'उजनी १०८ टक्के' असे वाचाल. तो छपाईचा दोष नव्हे. नेहमीच्या पातळीवर दरवाजांनी थोडे जास्त पाणी धरून ठेवतात.

सातबारावर १.२५.०० लिहिले आहे. ते सव्वा एकर का?

सव्वा हेक्टर. सातबारावरचे क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा क्रमाने असते. १.२५.०० म्हणजे १ हेक्टर २५ आर. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर, त्यामुळे ही जमीन ३ एकर साडेतीन गुंठे भरते. सगळ्यात महाग चूक ०.४० या आकड्यावर होते: ते चाळीस आर, म्हणजे जवळजवळ अख्खा एकर, 'एकराचे चाळीस शतांश' नव्हे.

आर आणि गुंठा जुळे भाऊ दिसतात, पण एक नाहीत. आर १०० चौरस मीटर, गुंठा १०१.१७ चौरस मीटर म्हणजे १,०८९ चौरस फूट. एका गुंठ्याला तेरा फुटांचा फरक. शहराजवळच्या जमिनीत चाळीस गुंठ्यांवर तो पाचशे फुटांच्या पुढे जातो.

उतारा हातात आला की क्षेत्राआधी तीन जागा वाचा. भोगवटादार वर्ग १ की २: वर्ग २ असेल तर विक्रीला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते, आणि ती न घेता केलेला व्यवहार अंगलट येतो. 'इतर हक्क' हा रकाना: बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा, कुळाचे नाव, विहिरीतला वाटा इथे असतो. आणि प्रलंबित फेरफार, म्हणजे हक्कबदलाची अजून मंजूर न झालेली नोंद. पोटखराबा, म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, वेगळा लिहिलेला असतो, तो लागवडीच्या क्षेत्रात धरू नका. संकेतस्थळावर फुकट दिसणारा उतारा माहितीपुरता असतो. कामाला लागतो तो डिजिटल स्वाक्षरीचा किंवा तलाठ्याने सही करून दिलेला. आणि सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही. उलट सिद्ध होईपर्यंत ती नोंद खरी धरतात, एवढेच.

उसाचा भाव कसा ठरतो? एफआरपी पूर्ण का मिळत नाही?

एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, केंद्र सरकार ठरवते. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलला ३५५ रुपये, आणि त्यापुढे दर ०.१ टक्क्याला ३.४६ रुपये जास्त. उतारा म्हणजे शंभर किलो उसातून निघालेली साखर. कारखान्याचा उतारा ११.२५ असेल तर हिशोब असा: वरचे दहा टप्पे, ३४ रुपये ६० पैसे, मिळून ३८९.६० रुपये क्विंटल, म्हणजे टनाला ३,८९६.

हातात एवढे पडत नाही, कारण तोडणी आणि वाहतुकीचा खर्च यातून वजा होतो. कारखाना लांबचा ऊस आणतो तेव्हा वाहतुकीची सरासरी वाढते आणि ती जवळच्या शेतकऱ्यालाही भरावी लागते. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावेत, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, असे ऊस नियंत्रण आदेश १९६६ सांगतो. व्याज मागितल्याशिवाय सहसा मिळत नाही.

उतारा घसरण्याचे मोठे कारण शेतात नाही, तोडणी आणि गाळप यांच्या मधल्या वेळात आहे. तोडलेला ऊस चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला, पडला पाहिजे. उन्हात दोन दिवस ट्रॉलीत राहिला की वजन आणि साखर दोन्ही उतरतात. जळीत उसाचे तर त्याहून वाईट. लागणीचे प्रकार लक्षात ठेवा: जुलै-ऑगस्टची आडसाली, ऑक्टोबर-नोव्हेंबरची पूर्वहंगामी, जानेवारी-फेब्रुवारीची सुरू, आणि तोडल्यावर फुटणारा खोडवा. तोडणीला बीड आणि आसपासच्या भागातून टोळ्या येतात. त्यांचा हिशोब माणसांत नाही, कोयत्यात होतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या जोडीला मिळते.

सहकारी कारखानदारीची सुरुवात प्रवरानगरला झाली. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ ही त्यातली दोन नावे. १९५० च्या सुमारास तिथे गाळप सुरू झाले.

कांदा दरवर्षी सप्टेंबर-ऑक्टोबरलाच का महागतो?

पिकाच्या दिनदर्शिकेमुळे. एप्रिल-मेमध्ये निघणारा उन्हाळ कांदाच टिकतो. तो चाळीत, म्हणजे हवा खेळणाऱ्या साठवणुकीच्या शेडमध्ये, ठेवून देशभर पाच महिने पुरवला जातो. सप्टेंबरपर्यंत चाळी खाली होत येतात आणि खरिपाचा लाल कांदा ऑक्टोबरच्या आधी फारसा येत नाही. मधली ती फट. त्यात ऑक्टोबरला पाऊस लांबला आणि लाल कांदा शेतातच सडला की लासलगावचा भाव एका आठवड्यात वर जातो. जानेवारीनंतर रांगडा येतो, तोही फार दिवस टिकत नाही.

चाळीत नुकसान तीन प्रकारे होते: वजन घटते, सड लागते, कोंब फुटतो. माना न वाळवता, पात ओली असताना भरलेला कांदा पहिला सडतो. काढणीनंतर शेतातच पातीने झाकून तीन-चार दिवस, मग सावलीत आठ-दहा दिवस वाळवायचा, पात कापताना मान बोटभर ठेवायची. थर पाच फुटांच्या वर नको आणि खालून हवा खेळलीच पाहिजे. जाड मानेचा आणि जोड कांदा आधीच वेगळा काढून विका, तो चाळीत शेजाऱ्यांनाही नासवतो.

विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपूरला का?

२८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारामुळे. विदर्भाने मराठी राज्यात यावे यासाठी दिलेल्या आश्वासनांपैकी हे एक. विधानसभेचे सदस्य २८८, विधान परिषदेचे ७८.

उत्तरेत श्रावण पंधरा दिवस आधी सुरू होतो. आपले पंचांग चुकते का?

कोणाचेच चुकत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, उत्तरेतला पौर्णिमेला. शुक्ल पक्षाचे नाव दोन्हीकडे सारखे, वद्य पक्षाचे वेगळे. म्हणून आपली श्रावण वद्य अष्टमी ती त्यांची भाद्रपद कृष्ण अष्टमी, आणि गोकुळाष्टमी एकाच दिवशी येते. घोळ होतो तो श्रावणी सोमवारांत: त्यांचे आधी सुरू होतात. फोनमधली दिनदर्शिका कोणत्या पद्धतीची आहे ते पाहिल्याशिवाय उपवास धरू नका.

वारीत काही दिवस चालायचे आहे. कधी आणि कुठे?

तुकोबांची पालखी देहूहून ज्येष्ठ वद्य सप्तमीला, माउलींची आळंदीहून अष्टमीला निघते. अधिक महिना आला की इंग्रजी तारीख पुढे सरकते. माउलींचा मार्ग सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस. तुकोबांचा यवत, बारामती, इंदापूर, अकलूज. पंढरपूरच्या अलीकडे वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात.

पहिल्यांदा चालणारे पुणे ते सासवड हा टप्पा निवडतात, दिवे घाटाच्या छायाचित्रासाठी. तो मार्गावरच्या सर्वांत लांब टप्प्यांपैकी एक आहे, तीस किलोमीटरच्या पुढचा, आणि घाटात चढ लागतो तो दुपारी पाय थकल्यावर. सुरुवात लोणंदच्या पुढच्या लहान टप्प्यांनी करा. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगणही पाहायला मिळते. नवे बूट घालू नका, घरात वापरून मऊ झालेली चप्पल बरी. दिंडीत चालायचे तर विणेकऱ्याला आधी विचारा. ओळीत मध्येच घुसणे कोणालाच आवडत नाही.

वेरूळ-अजिंठा दोन दिवसांत होते का?

होते, फक्त वार पाहा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. सोमवार-मंगळवारच हाताशी असतील तर सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळ तीस किलोमीटर, अजिंठा शंभर. अजिंठ्याला खासगी गाडी टी पॉइंटला ठेवावी लागते, पुढचे चार किलोमीटर बसने. लेण्यांत अंधार असतो आणि फ्लॅश चालत नाही. आत शिरून दोन मिनिटे नुसते उभे राहिलात की डोळे सरावतात आणि भिंतीवरचे रंग दिसू लागतात. वेरूळचे कैलास, सोळावे लेणे, आधी वरून पाहा. डोंगर माथ्याकडून खाली कोरत आणला आहे, ते बाजूच्या टेकडीवर चढल्यावरच कळते.

राज्यात सगळे मराठीच बोलतात ना?

राज्यभाषा मराठी, ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तिला अभिजात दर्जा मिळाला. पण मेळघाटातली कोरकू ही मुंडा कुळातली आहे आणि गडचिरोलीतली गोंडी-माडिया द्राविडी. त्या मराठीच्या बोली नव्हेत. अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी, झाडीबोली यांचे मराठीशी नाते जवळचे, तरी जळगावच्या बाजारात अहिराणी पहिल्यांदा ऐकणाऱ्या पुणेकराला निम्मे वाक्य निसटते. भंडारा किंवा मेळघाटात बदली झाली असेल तर पहिल्या महिन्यात स्थानिक शिपाई किंवा अंगणवाडी सेविकेकडून पिके, आजार आणि नात्यांचे शब्द लिहून घ्या. अर्ज मराठीत येतात, तक्रार मात्र बोलीत सांगितली जाते.